आइसलंडची सफर

जून महिन्यात आम्ही आइसलंडची राजधानी रेक्याविक येथे उतरलो, तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. परंतु सूर्य अद्याप मावळला नव्हता! आर्क्टिक वृत्ताच्या किंचित दक्षिणेस असलेल्या या बेटावर उन्हाळ्यात काळोखी रात्र अशी होतच नाही. मुक्कामी पोहोचून हात धुण्यास नळ सोडला, तो कढत पाणी आले. ते कोणी चुलीवर तापविलेले नव्हते. भूगर्भातील उष्णतेने तापलेले पाणी या शहरात घरोघर खेळविले आहे आणि हिवाळ्यात घरेही त्यानेच उबदार ठेवतात. ज्या देशाच्या नावात हिम आहे, त्याच्या पोटात अग्नी आहे, हे आम्हांला पहिल्याच रात्री कळले.

दुसऱ्या दिवशी आम्ही थिंगवेलिरकडे निघालो. वाटेत वृक्ष क्वचितच दिसले. जिकडे तिकडे गोठलेल्या लाव्ह्याचे काळे खडक आणि त्यांवर शेवाळाचा मऊ थर. तो खडक पाहून एकदम घरची आठवण झाली. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही अशाच लाव्ह्यापासून बनला आहे. मात्र तो कोट्यवधी वर्षांपूर्वी निवाला, आणि येथे नवा लाव्हा आजही उसळत असतो. थिंगवेलिर येथे तर जमीनच दुभंगली आहे. भूकवचाचे दोन प्रचंड तुकडे येथे दरवर्षी सुमारे २ सेंटिमीटर एकमेकांपासून दूर सरकतात. याच ठिकाणी इ. स. ९३० मध्ये लोकांनी आपली पहिली लोकसभा भरविली. त्या काळी कायदे लिहिलेले नव्हते. कायदे सांगणारा पुरुष खडकावर उभा राहून ते मुखोद्गत म्हणून दाखवी. १७ जून १९४४ रोजी आइसलंडच्या प्रजासत्ताकाची घोषणा झाली, तीही येथेच.

तेथून पुढे स्ट्रोकुर नावाचे उष्णोदकाचे कारंजे लागले. कुंडातील पाणी क्षणभर निळ्या घुमटासारखे फुगले आणि पाहता पाहता १५ ते २० मीटर उंच उसळले. दर काही मिनिटांनी हा चमत्कार घडत होता.

मग दुरूनच एक गंभीर घोष कानी आला. ह्वीटा नदी येथे दोन टप्प्यांत ३२ मीटर खाली झेपावते. हाच गुलफॉस, म्हणजे सुवर्णप्रपात. विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रपातावर वीज निर्माण करण्याचा घाट काही धनिकांनी घातला होता. जवळच्याच शेतावर राहणारी सिग्रिदुर तोमासदोत्तिर या शेतकरीकन्येने त्याला विरोध केला. खडतर वाट तुडवीत ती राजधानीपर्यंत पायी गेली. प्रसंगी प्रपातात उडी घेईन, असेही तिने बजावले. न्यायालयात तिला यश आले नाही, तरी तिने माघार घेतली नाही. अखेर १९२९ मध्ये तो करारच रद्द झाला. प्रपाताच्या काठी शिळेवर कोरलेली तिची मुद्रा पाहून आम्ही नकळत हात जोडले.

दक्षिण किनाऱ्यावरून बोटीने आम्ही हेमाए या छोट्या बेटावर गेलो. २३ जानेवारी १९७३ च्या मध्यरात्रीनंतर येथे गावालगतची जमीन फाटून आगीचे लोट उठले. सुदैवाने आदल्या दिवशीच्या वादळामुळे मासेमारीच्या नौका बंदरातच होत्या. त्यांतून सुमारे ५,३०० लोकांपैकी बहुतेकांना एका रात्रीत सुखरूप हलविले. पुढे लाव्हा बंदराचे तोंड बंद करू लागला, तेव्हा लोकांनी समुद्राचेच पाणी त्यावर अहोरात्र मारून तो थोपविला. शेकडो घरे गाडली गेली. पण बंदर वाचले. लोक परतले आणि त्याच तप्त लाव्ह्याच्या उष्णतेवर त्यांनी कित्येक वर्षे आपली घरे उबदार ठेवली!

शेवटचा मुक्काम पूर्वेकडील योकुल्सारलोन सरोवराचा. वात्नायोकुल या विशाल हिमक्षेत्राची एक हिमनदी येथे उतरते. तिच्यापासून तुटलेले निळेशुभ्र हिमनग सरोवरात संथपणे तरंगत होते. ते दृश्य पाहून आम्ही मुग्ध झालो, तोच नावाडी म्हणाला, “शंभर वर्षांपूर्वी येथे सरोवरच नव्हते, सारे बर्फ होते.” या देशातील ओक नावाची हिमनदी इतकी वितळली की, २०१४ मध्ये तिला हिमनदी म्हणणे शास्त्रज्ञांनी सोडून दिले. २०१९ मध्ये तेथे तिचा स्मृतिफलक बसविण्यात आला.

सिग्रिदुरने प्रपात राखला, हेमाएच्या लोकांनी बंदर राखले. परंतु हे हिम आइसलंडच्या लोकांना एकट्याने राखता येणार नाही. ते वितळविणारी उष्णता साऱ्या जगाच्या धुराड्यांतून आणि वाहनांतून निघणाऱ्या धुराने वाढविली आहे. नावाड्याने पाण्यातून बर्फाचा एक स्फटिकासारखा तुकडा काढून आमच्या हाती दिला. शेकडो वर्षांचे ते हिम! किनारा येईपर्यंत ते हातातून निथळून गेले होते.