गोबरगॅसच्या स्लरीचा कोळसा

मुलांनो, गोबरगॅसच्या टाकीत शेण कालवून घालतात. गॅस शेगडीला जातो आणि स्लरी दुसऱ्या तोंडाने बाहेर पडते. ही स्लरी घाण नव्हे, चांगले खत आहे. पण पावसाळ्यात खड्डा भरून ती ओढ्याला गेली, की खतही जाते नि पाणीही नासते. “गुरुजी, उन्हाळ्यात ती वाळवून कोळसा करता येईल काय?” असे सातवीच्या मुलांनी मला विचारले.

येतो की! शेणी चुलीत घातली तर तिला हवा मिळते, ती जळते, राख उरते. तीच डब्यात कोंबून, झाकण लावून डबा बाहेरून तापवला, तर आत हवा नसल्याने ती पेटत नाही. झाकणाच्या बारीक भोकातून वाफ व धूर निघून जातो. सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअस उष्णतेला आत काळा कोळसा उरतो. या क्रियेला पायरॉलिसिस म्हणतात. मातीत घालायच्या अशा कोळशाचे नाव बायोचार.

पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे व सहकाऱ्यांनी याच तत्त्वावर उसाच्या पाचटाचा कोळसा केला. त्याबद्दल २००२ साली संस्थेला इंग्लंडचे अ‍ॅश्डेन पारितोषिक मिळाले. तो कोळसा चुलीसाठी होता; आपला शेतासाठी.

कोळशाला असंख्य बारीक छिद्रे असतात. त्यांत पाणी व खत टिकते. त्यातला बराचसा कार्बन शेकडो वर्षे मातीत राहतो.

आता दुसरी बाजू. १०० किलो स्लरीत ९० किलोहून जास्त पाणीच असते. लाकडे जाळून ती वाळवली, तर चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला! वाळताना व भाजताना बराच नत्रही उडून जातो. म्हणून ओली स्लरी आधी पिकाला द्यावी. जास्तीची तेवढी उन्हात वाळवून कोळसा करावा आणि तो ताज्या स्लरीत भिजवून शेतात घालावा.

जमीनही बघावी लागते. राधानगरी, गगनबावड्याकडच्या आम्लधर्मी तांबड्या मातीला हा अल्कधर्मी कोळसा मानवतो. शिरोळकडच्या क्षारपड जमिनीत मात्र माती तपासल्याशिवाय घालू नये.

भट्टीचे काम मोठ्या माणसांनीच करायचे, बरं का!

सांगा पाहू:
१) चुलीत राख आणि बंद डब्यात कोळसा, असे का?
२) तुमच्या घरची स्लरी कुठे जाते?