भिन्न संस्कृतींचे कार्यसंघ : अपोलो-सोयुझ मोहिमेचा धडा

विकासाचे कोणतेही मोठे काम आज एका खात्याच्या वा एका समाजाच्या बळावर पार पडत नाही. अभियंता एका प्रांतातला, मजूर दुसऱ्या प्रांतातले आणि ज्यांच्यासाठी काम चालले आहे ते ग्रामस्थ तिसरीच बोली बोलणारे, हा अनुभव नित्याचा आहे. अशा ठिकाणी सर्वांची सद्भावना असूनही काम अडते. एका पक्षाला जी गोष्ट सांगण्याची गरजच वाटत नाही, नेमकी तीच दुसऱ्या पक्षाला ठाऊक नसते, हे त्याचे मुख्य कारण होय. अशा गोष्टी आरंभीच कशा ठरवून घ्याव्यात, याचा वस्तुपाठ १९७५ सालच्या अपोलो-सोयुझ मोहिमेत आढळतो.

दिनांक २४ मे १९७२ रोजी मॉस्को येथे अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन व सोव्हिएत पंतप्रधान अलेक्सी कोसिजिन यांनी अवकाश सहकार्याच्या करारावर सह्या केल्या. दोन्ही देशांची अंतराळयाने पृथ्वीभोवती फिरत असताना परस्परांस जोडावयाची, असे ठरले. तांत्रिक बाजूची जबाबदारी अमेरिकेच्या ग्लिन लनी व सोव्हिएत संघाच्या कॉन्स्टान्टिन बुशुयेव यांच्याकडे होती. शीतयुद्धाच्या त्या काळात दोन्ही देशांची भाषा, मापे, कामाची रीत आणि गुप्ततेच्या कल्पना अगदी वेगळ्या होत्या. समजुतीतील लहानशा घोटाळ्यानेही पाच अंतराळवीरांचे प्राण धोक्यात आले असते.

भाषेचा भार कोणी वाहावा?

अंतराळवीर परस्परांची भाषा शिकले. सरावात असे दिसून आले की, प्रत्येकाने समोरच्याच्या भाषेत बोलल्यास समजण्यास सोपे जाते. म्हणून अमेरिकन वीरांनी रशियन आणि सोव्हिएत वीरांनी इंग्रजी बोलावे, असे ठरले. परकी भाषा बोलणारा सावकाश व सोप्या शब्दांत बोलतो. ऐकणाऱ्याला आपल्या भाषेतील चूक चटकन उमगते. समजावून देण्याचा भार अशा रीतीने बोलणाऱ्यावर आला.

समान दर्जा आणि मोजका करार

यानांच्या पूर्वीच्या जोडणी-यंत्रणेत एक बाजू शिरणारी व दुसरी सामावून घेणारी असे. यात कोणाकडे कोणती बाजू घ्यावी, हा प्रश्न मानापमानाचाही होऊ शकला असता. म्हणून दोन्ही बाजूंनी सारखेच काम करू शकेल असे नवे यंत्र योजण्यात आले. जेथे दोन्ही यंत्रे परस्परांना भिडतात, तेवढा भाग मात्र काटेकोरपणे ठरविण्यात आला. धक्का शोषण्यासाठी अमेरिकेने द्रवाच्या दाबावर चालणारी, तर सोव्हिएत अभियंत्यांनी विद्युत-यांत्रिक रचना वापरली. प्रत्येकाने आपल्या यंत्राचा अंतर्भाग आपापल्या पद्धतीने घडविला.

हवेच्या बाबतीतही दोघांनी एकेक पाऊल पुढे टाकले. अपोलोमध्ये वातावरणाच्या सुमारे एक तृतीयांश दाबाचा शुद्ध प्राणवायू असे, तर सोयुझमध्ये नेहमीसारखी हवा. अमेरिकेने मध्ये जोडणी-कक्ष बांधला. सोव्हिएत संघाने सोयुझमधील दाब सुमारे दोन तृतीयांशावर आणण्याचे मान्य केले.

अपयशाची उघड चर्चा

जून १९७१ मध्ये परतीच्या वाटेवर सोयुझ-११ मधील हवा एका झडपेतून निसटली आणि तिन्ही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. सोव्हिएत तज्ज्ञांनी या दुर्घटनेची कारणे पुढे अमेरिकन सहकाऱ्यांना समजावून सांगितली. परस्परांच्या यानात जाणाऱ्या माणसांना ती ठाऊक असणे आवश्यकच होते. विश्वास केवळ गोड शब्दांनी बसत नाही. आपले उणे आपण होऊन सांगितल्यानेच तो दृढ होतो.

दिनांक १७ जुलै १९७५ रोजी दोन्ही याने जोडली गेली आणि थॉमस स्टॅफर्ड व अलेक्सी लिओनॉव्ह यांनी हस्तांदोलन केले. दोन दिवसांनी दुसऱ्यांदा जोडणी झाली, तेव्हा सोयुझच्या यंत्राने सक्रिय भूमिका बजावली.

ग्रामपातळीवरील उपयोग

महाराष्ट्रात मेळघाटात कोरकू, भामरागड परिसरात माडिया, तर सातपुड्याच्या धडगाव भागात भिली व पावरी या बोली बोलल्या जातात. तेथे कार्यालयीन मराठीत वाचून दाखविलेला ठराव ग्रामस्थांना समजला, असे गृहीत धरता येत नाही. अधिकाऱ्याने स्थानिक बोलीतील निदान कामापुरते शब्द शिकावेत. ठराव त्या बोलीत समजावून सांगितल्यावर तो ग्रामस्थांकडूनच पुन्हा वदवून घ्यावा. सह्या व अंगठे त्यानंतरच घ्यावेत.

पाण्याची टाकी कोठे असावी, देखभाल कोणी करावी, मजुरी केव्हा मिळावी, हे दोन्ही बाजूंना जोडणारे मुद्दे नेमकेपणाने लेखी ठरवावेत. कामाची वेळ, सण-उत्सवांची सुट्टी आणि श्रमाची वाटणी गावाच्या रीतीवर सोपवावी. पूर्वीची एखादी योजना बंद पडली असल्यास तिची कारणे सभेत प्रथम खात्यानेच सांगावीत. एवढी दक्षता आरंभी घेतल्यास बैठकीला चार दिवस अधिक लागतील. परंतु काम पुरे झाल्यावर त्याची राखण ग्रामस्थ आपलेपणाने करतील.