भाताचे उत्पादन आणि वाणांची विविधता

भाताचे उत्पादन केवळ खतपाण्यावर ठरत नाही. बियाण्याच्या अंगभूत गुणांवरही ते अवलंबून असते. लोंब्या धरणारे फुटवे किती, प्रत्येक लोंबीत भरलेले दाणे किती आणि हजार दाण्यांचे वजन किती, हे यांतील तीन प्रमुख गुण होत. यांपैकी एक वाढला की दुसरा घटण्याची शक्यता असते. फुटवे फार झाले, तर लोंब्या लहान राहतात. या गुणांचा योग्य मेळ साधणे हे वाणसुधारणेचे मुख्य कार्य होय.

१९६८ साली प्रसारित झालेल्या ‘जया’ या वाणात हा मेळ उत्तम साधलेला आहे. त्याचे ताट बुटके व ताठ असल्याने भरपूर खत देऊनही पीक सहसा लोळत नाही. केरळातील पट्टांबी येथे तयार झालेल्या ‘ज्योती’ या वाणासह तो गोव्यात सर्वदूर पसरला.

परंतु सर्व जमिनी सारख्या नसतात. पेडण्यात तेरेखोल व शापोरा, तर डिचोलीत मांडवी नदीचा काठ आहे. अशा नदीकाठच्या खाजन जमिनींत भरतीचे खारे पाणी बांध आणि मानशी यांच्या साहाय्याने थोपविले जाते. बांध फुटला की क्षार शेतात शिरतात. रोपावस्थेत व फुलोऱ्याच्या वेळी ते भाताला विशेष बाधतात. पाने करपतात व दाणे पोचट राहतात. तेथे जयाचे गुण निष्फळ ठरतात. उलट कोरगुट, आसगो यांसारखे स्थानिक वाण उत्पन्न कमी देत असले, तरी खाऱ्या जमिनीत तग धरतात.

पिढ्यान्‌पिढ्या राखलेले कोरगुटचे बियाणे वरवर एकसारखे दिसले, तरी त्यात निरनिराळे वंश मिसळलेले असतात. भाताचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. त्यामुळे निवडलेल्या रोपाचे गुण त्याच्या संततीत टिकतात. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने याच मिश्रणातून उत्तम वंश निवडून ‘गोवा धान १’ व ‘गोवा धान २’ हे क्षारसहिष्णू वाण तयार केले. शेतकऱ्यांनी कोरगुट टाकून दिला असता, तर निवडीसाठी काहीच उरले नसते.

जगाचा अनुभवही हाच आहे. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ‘ग्रासी स्टंट’ या विषाणुजन्य रोगावर प्रतिकारक्षम असा भात शोधण्यासाठी सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. हवा असलेला गुण मिळाला तो उत्तर प्रदेशातील एका रानटी भाताच्या नमुन्यात.

म्हणून शेतकरी बांधवांनी सुधारित वाण अवश्य लावावेत. तथापि थोड्या जागेत स्थानिक वाणही राखावा आणि त्याचे बियाणे वेगळे मळून, सुकवून, नाव लिहून ठेवावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून दोन वाणांचे फुटवे व दाणे मोजून घ्यावेत. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ अन्वये शेतकऱ्यांना आपल्या वाणाची नोंदणी करता येते. गावपातळीवरील अधिकाऱ्यांनी ही माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचवावी व नोंदणीच्या कामी त्यांना साहाय्य करावे.