वाटेवरचे सोबती

इ. स. १८९६ मध्ये ग्रीस देशातील अथेन्स नगरीत आधुनिक ऑलिंपिक सामने प्रथम भरले. त्या सामन्यांत मॅरेथॉन या गावापासून अथेन्सपर्यंत सुमारे ४० किलोमीटर अंतराची एक शर्यत ठेवण्यात आली होती. प्राचीन काळी मॅरेथॉनच्या रणांगणावर ग्रीकांना मिळालेल्या विजयाची वार्ता एका दूताने धावत जाऊन अथेन्सला पोहोचवली, अशी आख्यायिका आहे. तिच्या स्मरणार्थ ही शर्यत योजिली होती. ती जिंकली स्पिरिडॉन लुईस या ग्रीक तरुणाने. तो अथेन्सजवळच्या मारूसी गावचा रहिवासी. वडिलांबरोबर शहरात पाणी वाहून नेणे हे त्याचे काम. ज्या शर्यतीत पाण्याच्या एका घोटाचे मोल फार मोठे, तिचा पहिला विजेता पाणी वाहणारा असावा, हा योग खरोखर अर्थपूर्ण आहे.

आज मॅरेथॉन शर्यतीचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर इतके निश्चित झालेले आहे. जगातील अनेक शहरांत दरवर्षी ही शर्यत होते. मुंबईच्या मॅरेथॉनचा आरंभ २००४ साली झाला. जानेवारी महिन्यातील एका रविवारी, सूर्य उगवण्यापूर्वीच, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात हजारो माणसे जमतात. त्यांत जिंकण्यासाठी धावणारे थोडेच. बाकीचे कारकून, शिक्षक, गृहिणी, कामगार, सेवानिवृत्त वृद्ध असे तुमच्याआमच्यासारखे लोक असतात. कित्येक जण तर आयुष्यात प्रथमच एवढे अंतर धावणार असतात. त्यांची स्पर्धा इतरांशी नसते. ती स्वतःच्याच दुर्बलतेशी असते.

ही दुर्बलता केव्हा प्रकट होते? धावण्यास लागणारी शक्ती मुख्यतः स्नायूंत व यकृतात साठवलेल्या साखरेपासून मिळते. हा साठा मर्यादित असतो. सुमारे ३० किलोमीटर अंतर कापल्यावर तो बहुतेक संपत येतो. मग पाय शिशासारखे जड होतात आणि मन म्हणू लागते, ‘आता पुरे!’ अनुभवी धावक हे आधीच ओळखून असतो. तो आरंभी आपला वेग आवरून धरतो. नवखा मात्र पहिल्या उत्साहात वेगाने पळतो आणि पुढे थकतो. शिवाय तो सावकाश धावणारा असल्यामुळे त्याचा उत्तरार्ध उन्हात जातो. घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही निघून जातात. अशा वेळी त्याला आधार देण्यासाठी जे लोक मार्गावर उभे असतात, ते स्वयंसेवक होत.

स्वयंसेवकाचे काम दिसते सोपे, पण ते शिकावे लागते. पेला काठोकाठ भरला तर धावणाऱ्याच्या हातून पाणी सांडते. म्हणून तो अर्धाच भरावा. हात लांब करून पेला असा धरावा की, धावणाऱ्याला तो न थांबता सहज घेता येईल. पेल्यात साधे पाणी आहे की मीठ-साखरेचे, हे मोठ्याने सांगावे. रस्त्यावर पडलेले पेले वेळोवेळी उचलावेत; नाहीतर मागून येणाऱ्याचा पाय घसरावयाचा. प्रथमच धावणाऱ्यास पाण्याचा आग्रहही करू नये. गरजेपेक्षा फार पाणी प्याल्यास रक्तातील मिठाचे प्रमाण घटते आणि प्रकृतीला धोका पोहोचतो. याउलट कोणी अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर त्याला धीर देऊन पुढे पाठवणे योग्य नव्हे. तत्काळ वैद्यकीय पथकास बोलावणे, हेच त्या वेळचे कर्तव्य.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. थकलेल्या माणसाला बरे वाटावे म्हणून ‘आता थोडेच राहिले!’ असे सांगण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु दहा किलोमीटर बाकी असताना हे ऐकणारा मनुष्य त्या ‘थोड्या’वर विसंबून उरलेले बळ खर्च करतो, आणि पुढच्या वळणावर अंतिम रेषा दिसली नाही की, त्याचा धीर सुटतो. त्यापेक्षा ‘दहा किलोमीटर राहिले आहेत, पुढच्या चौकात पाणी आहे, तोवर सावकाश चला,’ असे सांगणारा खरा हितकर्ता. खऱ्या शब्दाच्या आधारावर मनुष्य आपली शक्ती जपून वापरू शकतो.

परंतु साहाय्यालाही मर्यादा असते. ती कोणती, हे १९०८ सालच्या लंडन ऑलिंपिकमधील एका प्रसंगावरून कळते. आजचे ४२ किलोमीटर १९५ मीटर हे अंतर त्याच शर्यतीत प्रथम धावले गेले आणि पुढे १९२१ साली ते कायम करण्यात आले. २४ जुलैचा तो दिवस उष्ण होता. डोरान्डो पिएत्री हा इटालियन धावक सर्वांच्या आधी क्रीडांगणात शिरला; पण त्याचे भान हरपत चालले होते. तो प्रथम चुकीच्या दिशेने वळला, मग कोसळला. उठला आणि पुन्हा कोसळला. हजारो प्रेक्षकांची अंतःकरणे कळवळली. जवळच्या अधिकाऱ्यांना राहवले नाही. त्यांनी त्याला वारंवार उठवले आणि आधार देत अंतिम रेषेपार नेले. तो पहिला आला खरा, परंतु दुसऱ्याच्या आधाराने आला. म्हणून तो अपात्र ठरला आणि विजय अमेरिकेच्या जॉनी हेझ याला मिळाला. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्रा हिने पिएत्रीला एक चषक देऊन त्याच्या जिद्दीचा गौरव केला.

अधिकाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. दयेनेच त्यांनी हात पुढे केले. पण त्या हातांनी धावणाऱ्याची धाव त्याची स्वतःची राहू दिली नाही. आजच्या नियमांनुसार पडलेल्याला उभे राहण्यास हात देता येतो. त्याला पुढे ओढणे किंवा ढकलणे मात्र मान्य नाही. दृष्टिहीन धावकांच्या शर्यतीत हेच तत्त्व फार सुंदर रीतीने पाळले जाते. धावक आणि त्याचा साहाय्यक आपापल्या हातांत एका आखूड दोरीची टोके धरून बरोबरीने धावतात. साहाय्यक वाट दाखवतो, वळण सांगतो. पण धावकाला ओढत नाही आणि अंतिम रेषा त्याच्याआधी ओलांडत नाही.

महाराष्ट्राला ही सेवावृत्ती नवीन नाही. आषाढी वारीच्या वाटेवर गावोगावचे लोक वारकऱ्यांना पाणी देतात, जेवू घालतात, त्यांचे दुखरे पाय चेपतात. पण पंढरीची वाट वारकरी स्वतःच्याच पायांनी चालतो. मुंबईतील रहिवासीही शर्यतीच्या दिवशी घराबाहेर येऊन अनोळखी धावकांपुढे संत्र्याच्या फोडी आणि केळी धरतात, टाळ्या वाजवून त्यांना उत्तेजन देतात.

स्वयंसेवकाची खरी कसोटी शेवटी लागते. विजेते केव्हाच पोहोचलेले असतात. टाळ्या थांबलेल्या असतात. ऊन तापते, पाय दुखतात, घरी जावेसे वाटते. त्याच वेळी दुरून एखादा धावक अर्धा चालत, अर्धा धावत येताना दिसतो. शर्यतीची नेमलेली वेळ अजून संपलेली नसते. पाण्याचे टेबल आवरले गेले असेल, तर इतक्या महिन्यांच्या त्याच्या तयारीवर शेवटच्या वळणावर पाणी पडेल. म्हणून जो स्वयंसेवक त्याच्यासाठी एक भरलेला पेला राखून ठेवतो, त्याचे काम विजेत्याला पाणी देणाऱ्यापेक्षा तसूभरही कमी नाही.

त्या स्वयंसेवकाच्या गळ्यात पदक पडत नाही. अंतिम रेषेवरील छायाचित्रात तो दिसत नाही. परंतु ‘मी ४२ किलोमीटर स्वतः धावलो,’ असे जेव्हा एखादा नवखा धावक अभिमानाने म्हणतो, तेव्हा त्या ‘स्वतः’ या शब्दाला बाध न आणता त्याला साथ देणारे अनेक हात त्याच्या मागे असतात. दुसऱ्याचे श्रम हिरावून न घेता त्याचे बळ वाढवणे, हेच उत्तम साहाय्य होय.

स्वाध्याय

१. नवख्या धावकाला शर्यतीच्या उत्तरार्धात अधिक त्रास का होतो?
२. ‘आता थोडेच राहिले!’ असे खोटे सांगणे अहितकारक का ठरते?
३. डोरान्डो पिएत्री पहिला येऊनही अपात्र का ठरला? अधिकाऱ्यांचे वागणे तुम्हांला कसे वाटते, ते सकारण लिहा.
४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : भान हरपणे, धीर सुटणे, पाणी पडणे, तसूभरही कमी नसणे.
५. तुमच्या वर्गमित्राला गणित सोडवण्यास मदत करताना या पाठातील कोणते तत्त्व पाळाल? पाच-सहा वाक्यांत लिहा.