फूटपट्टी घेऊन मासळी बाजारात

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नकाशात समुद्र शोधू लागलात तर तो सापडणार नाही. नगर शहरापासून मुंबईचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे, आणि मध्ये सह्याद्री आडवा उभा आहे. तरीही नगरच्या बाजारात पापलेट मिळते, सुरमई मिळते, बोंबील मिळतात. बर्फाच्या पेट्यांत बसून ही मासळी घाट चढून येते. तिच्या शेजारीच मुळा धरणातला किंवा नाथसागरातला रोहू मांडलेला असतो. पिशवी घेऊन आलेले गिऱ्हाईक दोन प्रश्न विचारते : ताजी आहे का, आणि काय भाव?

आज आपण तिसरा प्रश्न विचारणार आहोत. ही मासळी आपण घेतली, तर पुढच्या वर्षी तितकीच मासळी पाण्यात असेल का?

तुम्ही म्हणाल, समुद्र एवढा मोठा, त्यातले मासे संपतील कसे? पण आपल्या गावाकडचा शेतकरी काय करतो ते आठवा. घरात कितीही अडचण असली तरी बियाण्यासाठी राखलेली ज्वारी तो दळून आणत नाही. माशांचे बियाणे म्हणजे अंडी घालण्याच्या वयाला आलेले मासे. मासा त्या वयाला येण्याआधीच पकडला, तर त्याच्या पोटी जन्मणारी सारी पिढी त्याच्याबरोबर जाते. मोठा मासा पकडला तर एक मासा कमी होतो. कोवळा पकडला तर किती कमी झाले ते मोजता येत नाही. एका रोहूच्या मादीच्या पोटात, वजनाच्या दर किलोमागे, दोन लाखांच्या आसपास अंडी असतात. त्यांतली फारच थोडी जगतात हे खरे, पण ती थोडीसुद्धा मिळायची तर मादीला एकदा तरी अंडी घालू दिली पाहिजेत.

म्हणून बाजारात जाताना कंपासपेटीतली पट्टी खिशात घ्या. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये चंदेरी पापलेट, म्हणजेच सरंगा, हा राज्यमासा म्हणून जाहीर केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात समुद्रातील ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा पकडू नये असा हा नियम आहे. तो केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासावर आधारलेला आहे. पापलेटाची किमान लांबी १३५ मिलिमीटर आहे, बोंबिलाची १८० आणि सुरमईची ३७०. कंपासपेटीतली पट्टी साधारणपणे १५ सेंटिमीटरची असते. तिच्यापेक्षा दीड सेंटिमीटर आखूड असे पापलेट टोपलीत दिसले, तर ते अजून बाळ आहे असे खुशाल समजा. ताटात एकाला एक अखंड पापलेट वाढता यावे म्हणून अशी लहान पापलेटे मुद्दाम मागणारी गिऱ्हाइके असतात. विक्रेता काय, जे खपते तेच आणतो!

मात्र पट्टी वापरताना एक चूक होऊ शकते. लहान दिसणारा प्रत्येक जीव कोवळाच असतो असे नाही. आठवडी बाजारात जो सुका जवळा मिळतो, तो कोळंबीची पिल्ले आहेत असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात जवळा ही वेगळीच जात आहे आणि ती पूर्ण वाढल्यावरही दोन-तीन सेंटिमीटरचीच राहते. तेव्हा आधी जात ओळखायची, मगच पट्टी लावायची. पण जवळ्यात दुसऱ्या माशांची पिल्ले मिसळून येतात हेही खरे. घरी सुकट आणली की निवडण्यापूर्वी एक मूठ कागदावर पसरा आणि वेगळे दिसणारे तुकडे बाजूला काढा. चपटी पिल्ले, लांबट पिल्ले, इवलीशी खेकडी असे काय काय निघते ते पहा.

ही पिल्ले जाळ्यात येतात तरी कशी? जाळ्याला भोके असतात, मग ती निसटून का जात नाहीत? याचे उत्तर नगर जिल्ह्यात कोठेही मिळणाऱ्या एका वस्तूत आहे. कांद्याची रिकामी जाळीदार गोणी घ्या. सैल असताना तिची भोके पुरेशी मोठी दिसतात. आता दोघांनी दोन टोके धरून ती लांबीच्या दिशेने ताणा. शंकरपाळ्याच्या आकाराची भोके मिटत मिटत जाऊन नुसत्या चिरा उरतील. ट्रॉलर नावाची यांत्रिक नौका पाण्यातून जे पिशवीसारखे जाळे ओढत नेते, त्याचे असेच होते. जाळ्याच्या भोकाला मच्छीमार ‘आस’ म्हणतात. ओढ बसली की शेवटच्या टोकाचे आस मिटतात आणि बोटाएवढे पिल्लूही बाहेर पडू शकत नाही. तेच आस चौकोनी बसवले, म्हणजे ओढीची दिशा चौकोनाच्या बाजूला समांतर राहील असे, तर ते ताणानेही उघडेच राहतात. शास्त्रज्ञ चौकोनी आसाच्या टोकाची शिफारस करतात ती याच कारणासाठी. साध्या भूमितीने लाखो पिल्ले वाचू शकतात.

पट्टीच्या जोडीला कॅलेंडर हवे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. समुद्र खवळलेला असतो म्हणून, आणि बऱ्याच जातींचा अंडी घालण्याचा हाच हंगाम म्हणून. पूर्व किनाऱ्यावर हीच बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते. आता जुलैच्या एका रविवारी नगरच्या बाजारात ‘ताजी’ सुरमई दिसली, तर ती कोठून आली असेल? ती शीतगृहातली असू शकेल. पूर्व किनाऱ्यावरची बंदी उठलेली असते, तेव्हा तिकडूनही आली असेल. बिनयंत्राच्या लहान होडीने पकडलेली असेल, कारण अशा होड्यांना ही बंदी लागू नाही. किंवा बंदी मोडून पकडलेली असेल. विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि विचारायला लाजण्याचे कारण नाही. आपल्या आज्या या महिन्यांत सुके बोंबील आणि सुकट वापरत. सोयीसाठी पडलेली ही रीत माशांच्याही सोयीची होती!

परंतु नगरकरांसाठी सर्वांत जवळचे उत्तर समुद्रात नाही, धरणांत आहे. प्रवरेवर १९२६ साली पुरे झालेले भंडारदरा, राहुरी तालुक्यातले २६ अब्ज घनफुटांचे मुळा, नेवासे-शेवगावपर्यंत पाणी पसरलेला जायकवाडीचा नाथसागर, दक्षिणेला कर्जत तालुक्याला टेकलेला उजनीचा फुगवटा, एवढे पाणी या दुष्काळी म्हणवणाऱ्या जिल्ह्याच्या वाट्याला आले आहे. त्यातले रोहू, कटला आणि मृगळ बहुतांशी सोडलेले असतात, म्हणजे त्यांची बोटाएवढी पिल्ले, ज्यांना मत्स्यव्यवसायात बोटुकली म्हणतात, धरणात टाकून वाढवलेली असतात.

सोडावी का लागतात? कारण हे मासे साठलेल्या पाण्यात साधारणपणे अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातले नदीचे वाहते, गढूळ, चढते पाणी लागते. पूर्वी म्हणून गंगेच्या खोऱ्यातल्या नद्यांतून पिल्ले गोळा करून दूरदूर पाठवावी लागत. ही अडचण सोडवली डॉ. हिरालाल चौधुरी यांनी. माशाच्या मेंदूखाली पीयूषिका नावाची वाटाण्याहूनही लहान ग्रंथी असते. तिच्यातून स्रवणारी संप्रेरके शरीराला ‘आता अंडी घालण्याची वेळ आली’ असे सांगतात. चौधुरींनी एका माशाच्या पीयूषिकेचा अर्क दुसऱ्या माशाला टोचला, आणि १० जुलै १९५७ रोजी ओडिशात या माशांनी नदीशिवाय अंडी घातली. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. आता तयार संप्रेरकाची इंजेक्शने मिळतात, आणि मत्स्यबीज केंद्रांत बीज तयार होते.

म्हणजे धरणातला रोहू घेताना समुद्र रिकामा होत नाही, आणि पैसा धरणावरच्या मच्छीमाराकडे जातो. पण येथेही पाव किलोचा कटला घेऊ नये. चांगले खाद्य मिळाले तर तोच वर्षभरात किलोचा होतो. लवकर पकडला तर बीज सोडण्याचा खर्च पाण्यात गेला! सह्याद्रीकडच्या भागात पहिल्या पुराबरोबर ओढ्यांतून वर चढणारे, गाभोळीने पोट भरलेले चढणीचे मासे पकडण्याची हौस असते. त्या माशांना कोणी इंजेक्शन देत नाही. त्यांचे सारे वर्ष त्या दोन-चार दिवसांवर अवलंबून असते.

धरणातली आणखी एक मासळी म्हणजे चिलापी. ती मूळची आफ्रिकेची, भारतात १९५२ साली आणली गेली. तिची मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा अंडी घालते, आणि त्यामुळे स्थानिक माशांची जागा बळकावते. तेव्हा चिलापी मनसोक्त खावी. काटे कमी, भाव कमी, आणि धरणावर उपकारच. मागूर मात्र पाहून घ्यावा. चपट्या मोठ्या डोक्याचा, मिशांचा, खवले नसलेला, टबात जिवंत ठेवलेला भलामोठा मागूर बहुधा आफ्रिकन असतो. तो हवेतूनही श्वास घेतो, दिसेल ते खातो, आणि नदीत सुटला तर तिथले मासे फस्त करतो. केंद्र सरकारने २००० सालीच त्याच्या संवर्धनावर बंदी घातली आहे.

शहरातल्या मोठ्या दुकानांत गोठवलेल्या पाकिटांतही मासे मिळतात. डोके-शेपूट नसलेल्या तुकड्याला पट्टी लावता येत नाही, म्हणून पाकिटावर माशाचे नाव, पकडल्याचे किंवा वाढवल्याचे ठिकाण आणि तारीख वाचावी. परदेशांत काही पाकिटांवर निळे चिन्ह असते. १९९७ साली स्थापन झालेली एक आंतरराष्ट्रीय परिषद मासेमारीची तपासणी करून ते देते. भारतात ते प्रथम २०१४ साली केरळच्या अष्टमुडी सरोवरातल्या शिंपल्यांना मिळाले. नगरच्या टोपलीवर असे चिन्ह शोधू नका. तिथे आपले डोळे आणि पट्टी यांवरच काम भागवायचे आहे.

करून पहा : मासळीवाल्या मावशींकडून मोठ्या रोहूचे आणि लहान रोहूचे दोन-दोन खवले मागून घ्या. ते साबणाच्या पाण्यात धुऊन दोन काचपट्ट्यांमध्ये दाबा आणि भिंगातून पहा. झाडाच्या खोडासारखी वलये दिसतील. वाढ मंदावली की वलये दाटीने येतात, जोमात असली की विरळ. थंड देशांत त्यांवरून माशाचे वय सहज मोजतात. आपल्याकडे हिवाळा सौम्य, त्यामुळे खुणा पुसट असतात आणि शास्त्रज्ञ माशाच्या कानातला खडाही तपासतात. तुमच्या दोन खवल्यांत कोणाची वलये जास्त भरतात ते मोजा. वहीत माशाचे नाव, लांबी, ठिकाण आणि महिना यांच्यापुढे तो आकडा लिहून ठेवा. जुलैत आणि नोव्हेंबरात पुन्हा जा.