नागीण : सुप्त विषाणू आणि शरीराचा पहारा

नागिणीचा विळखा पूर्ण झाला की रोगी दगावतो, अशी समजूत अद्यापही आढळते. या भीतीपोटी रोग्यास मांत्रिकाकडे नेले जाते, फोडांवर नाना लेप लावले जातात आणि उपचारांची मोलाची वेळ निघून जाते. वस्तुतः नागीण म्हणजे कांजिण्यांच्याच विषाणूने पुन्हा वर काढलेले डोके होय.

कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू शरीरातून नाहीसा होत नाही. तो कण्यालगतच्या व मस्तकातील मज्जापेशींच्या गाठींत वर्षानुवर्षे सुप्तावस्थेत राहतो. त्याला आवर घालण्याचे कार्य मुख्यतः 'टी' पेशी या पांढऱ्या पेशी करतात. कांजिण्यांच्या वेळी त्यांना या विषाणूची ओळख पटलेली असते.

सिरेन्सेस्टर या इंग्लंडमधील गावचे डॉक्टर एडगर होप-सिम्प्सन यांनी १६ वर्षांतील १९२ रुग्णांच्या नोंदी अभ्यासून १९६५ साली असे मांडले की, प्रतिकारशक्ती क्षीण झाली म्हणजेच हा विषाणू उसळतो. वाढत्या वयाबरोबर नागिणीचे प्रमाण वाढते, ते यामुळेच. कर्करोगावरील काही उपचार, एचआयव्हीचा संसर्ग यांमुळेही हा पहारा सैल पडतो.

जागृत झालेला विषाणू एका मज्जातंतूच्या वाटेने त्वचेकडे येतो. म्हणून प्रथम वेदना होतात व नंतर शरीराच्या एकाच बाजूस फोडांचा पट्टा उठतो. त्या मज्जातंतूचे क्षेत्र शरीराच्या मध्यरेषेपाशी संपत असल्याने पट्टाही बहुधा तेथेच थांबतो. विळख्याची भीती निराधार आहे.

खरा धोका विलंबात आहे. असायक्लोव्हिरसारखी औषधे फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्यास अधिक गुणकारी ठरतात. उशीर झाल्यास दुखणे लांबू शकते; फोड बरे झाल्यावरही काहींच्या वेदना महिनोन्‌महिने टिकतात. कपाळावर वा डोळ्याजवळ फोड आल्यास दृष्टीस धोका असतो. तेव्हा रोग्यास तत्काळ नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. फोडांतील द्रवामुळे, कांजिण्या न झालेल्या व्यक्तीस कांजिण्या होऊ शकतात. यास्तव फोड झाकून ठेवावेत आणि अशा गरोदर स्त्रिया व तान्ह्या बालकांना रोग्यापासून दूर ठेवावे.

पन्नाशी उलटलेल्यांसाठी आता दोन मात्रांची प्रतिबंधक लसही उपलब्ध आहे. तिच्यामुळे शरीराचा पहारा पुन्हा बळकट होतो.

शिक्षक व पंचायत सदस्यांच्या शब्दास गावात मान असतो. नागिणीचा रोगी पहिल्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचेल, एवढे त्यांनी पाहिले तरी पुष्कळ यातना टळतील.