घटक ४ : लाभार्थी की भागीदार? विकासव्यवहारातील मराठी

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
– उद्योग व स्वयंसेवी संस्था यांच्या सहकार्याचे स्वरूप सोदाहरण सांगता येईल.
– 'दान', 'लाभार्थी', 'भागीदार' या शब्दांतील अर्थभेद स्पष्ट करता येईल.
– प्रकल्प-अहवालातील वाक्यरचना तपासून सुधारता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेक जण नोकरी, शेती, बचत गट सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. एखाद्या प्रकल्पाचा अर्ज वा अहवाल लिहिण्याचे काम आपल्यावर केव्हाही येऊ शकते. तो वाचूनच निधी देण्याचा अथवा थांबवण्याचा निर्णय होत असतो. म्हणून त्यातील शब्दनिवड हा केवळ शैलीचा प्रश्न नव्हे.

४.२ दानाकडून दायित्वाकडे

दान, अन्नछत्र, पाणपोई हे शब्द मराठीत जुने आहेत. त्यांच्या केंद्रस्थानी देणाऱ्याचे पुण्य असते. दिलेल्याचे पुढे काय झाले, हे विचारण्याची रीत नसते. सार्वजनिक विश्वस्त संस्थांची नोंदणी आपल्या राज्यात आजही 'धर्मादाय आयुक्त' कार्यालयात होते, यात त्याच परंपरेची खूण आहे.

१९८७ च्या ब्रुन्टलँड आयोगाच्या अहवालाने 'शाश्वत विकास' ही संकल्पना जगभर रुजवली. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सतरा उद्दिष्टे स्वीकारली. त्यांतील पहिले दारिद्र्यनिर्मूलनाचे, तर शेवटचे भागीदारीचे आहे. भारतात कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावेत, असे ते सांगते. 'दान' ऐच्छिक असते, 'दायित्व' बंधनकारक. त्यामुळे अशा खर्चाच्या अहवालात उपकाराची भाषा शोभत नाही.

४.३ उदाहरण : वाडी

मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे 'बाएफ' संस्था स्थापन केली. संस्थेने १९८२ मध्ये गुजरातमधील वांसदा येथे 'वाडी' उपक्रम सुरू केला. पुढे तो महाराष्ट्रातील आदिवासी भागांत पोहोचला. बाएफशी संलग्न 'मित्र' या संस्थेने नाशिकहून काम केले.

'वाडी' हा शब्द 'वाटिका' यावरून आला. मराठीत त्याचे दोन अर्थ आहेत : फळबाग आणि वस्ती. हे दोन्ही अर्थ या उपक्रमात एकत्र येतात. पेठ, सुरगाणा या तालुक्यांत पाऊस भरपूर, पण जमीन उताराची. भात-नागलीचा हंगाम आटोपला की कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. वाडीत कुटुंबाच्या स्वतःच्या सुमारे एकरभर जमिनीवर आंबा-काजूची कलमे, बांधावर वनवृक्ष, मधल्या जागेत आंतरपीक आणि सोबत मृद्‌-जलसंधारण अशी रचना असते. निधी शासन, नाबार्ड वा कंपन्या देतात. तांत्रिक ज्ञान संस्थेचे. जमीन आणि श्रम कुटुंबाचे. उन्हाळ्यात कलमांना पाणी घालणे, गुरांपासून व वणव्यापासून ती राखणे हा वाटा कोणत्याही धनादेशात दिसत नाही.

येथे एक अडचण लक्षात घ्यावी. आंब्याचे कलम विक्रीजोगे फळ देऊ लागण्यास साधारण पाच वर्षे लागतात. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या नियमांनुसार मात्र 'चालू प्रकल्पा'ची मुदत आरंभीचे आर्थिक वर्ष वगळून कमाल तीन वर्षे असते. निधीचे वेळापत्रक आणि झाडाचे वेळापत्रक असे वेगळे पडते. मग अहवाल 'लावली' या क्रियापदावर थांबतो. 'जगली' आणि 'फळली' यांची नोंद राहून जाते. कुटुंबाची मजुरीची वाट चुकते की नाही, हे शेवटच्या क्रियापदावर ठरते.

४.४ शब्दविवेक

'विद्यार्थी' म्हणजे विद्येची इच्छा करणारा; त्याच न्यायाने 'लाभार्थी' म्हणजे लाभाची इच्छा करणारा. राबणाऱ्या कुटुंबाला हा शब्द याचकाच्या जागी बसवतो. 'भागीदार' या शब्दात संस्कृत 'भाग' आणि फारसी 'दार' एकत्र आले आहेत. त्यात वाटा आणि हक्क दोन्ही अभिप्रेत आहेत.

नमुन्यादाखल रचलेली दोन वाक्ये पाहा :

(अ) कंपनीतर्फे चाळीस लाभार्थ्यांना कलमांचे वाटप करण्यात आले.
(आ) चाळीस कुटुंबांनी खड्डे खोदून कलमे लावली. कलमांचा खर्च कंपनीने उचलला. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जगलेल्या कलमांची संख्या तक्त्यात दिली आहे.

पहिल्या वाक्यात कुटुंबे संप्रदान आहेत, दुसऱ्यात कर्ता. दुसरे वाक्य परिणामही तपासू देते.

मात्र केवळ शब्द बदलल्याने भागीदारी होत नाही. अर्धेलीने जमीन कसणाऱ्यांना कोणी काय घालायचे आणि नुकसान कोणी सोसायचे, हे आधीच ठाऊक असते. भागीदाराला 'नाही' म्हणता येते, हिशेब मागता येतो. कोणती झाडे लावायची हे कुटुंबाला विचारलेच नसेल, तर त्यास 'भागीदार' म्हणणे ही फसवणूक ठरेल. तेथे 'लाभार्थी' हाच प्रामाणिक शब्द.

४.५ सारांश

दान, दायित्व व भागीदारी या तीन वेगळ्या संबंधांची ही तीन नावे आहेत. प्रत्यक्ष संबंध कोणता, हे पाहून शब्द योजावा. कर्ता लपवू नये आणि क्रियापद परिणामापर्यंत न्यावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'दान' व 'दायित्व' यांतील फरक स्पष्ट करा.
२. वाडी उपक्रमातील तीन घटकांचे वाटे सांगा.
३. आपल्या गावातील एखाद्या योजनेच्या फलकावरील मजकूर उतरवून घ्या. त्यातील कर्ता कोण, ते शोधा आणि गरज वाटल्यास मजकुराचे पुनर्लेखन करा.